ओळंब्याची साक्ष

राजुऱ्याजवळून वाहणाऱ्या वर्धा नदीला वरच्या अंगास वेणा नदी येऊन मिळालेली असते. त्या वेणेच्या कांठीं हिंगणघाट हें गांव आहे आणि पृथ्वीचें माप घेण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्या कर्नल विल्यम लॅम्बटनचें थडगें त्या गांवीं आहे. हैदराबादेहून नागपुरास जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं तो तेथें निवर्तला.

१८०२ सालीं मद्रासेजवळ त्यानें मोजणीस आरंभ केला. त्याचा थिओडोलाइट सुमारें अर्धा टन वजनाचा होता. १८०८ सालीं तंजावर येथें तो मंदिरावर चढवीत असतां दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें व त्याचें वर्तुळ वांकलें. लॅम्बटननें सुमारें सहा आठवडे खपून तें पूर्वस्थितीस आणलें. ही वजनाची उघड हानि झाली. परंतु गुरुत्वाकर्षणाची गुप्त फसवणूक पुढेंच होती.

गवंडी भिंत ओळंब्यानें पारखतो. ओळंबा मात्र कोणी पारखीत नाहीं. लॅम्बटनमागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या मोजणींत नेमका हाच प्रश्न उद्भवला. सिरोंजजवळील कल्याणपूर व मुझफ्फरनगरजवळील कलियाना यांच्या अक्षांशांतील अंतर जमिनीवरील त्रिकोणांनीं एक येई, ताऱ्यांच्या वेधांनीं दुसरें. फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारें सहाशें किलोमीटरांत १६० मीटरांचा होता. मोजणींत साचलेली चूक समजून एव्हरेस्टनें तो वांटून टाकला. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन प्रॅट यास मात्र निराळा संशय आला. हिमालयच ओळंब्यास आपल्याकडे ओढीत असला पाहिजे! त्यानें १८५५ सालीं गणित प्रसिद्ध केलें. तों ओढ १५.८८५ विकला, म्हणजे फरकाच्या तिप्पट निघाली. त्याच वर्षीं जॉर्ज एअरीनें उत्तर सुचविलें कीं, पाण्यांत तरंगणाऱ्या हिमखंडाप्रमाणें पर्वताचें हलकें मूळ खालच्या जड थरांत बुडालेलें असतें, म्हणून त्याची ओढ कमी भरते. वांटून टाकलेल्या चुकींतच भूगर्भाचें एक रहस्य दडलेलें होतें.

आज ताऱ्यांच्या जागीं क्वासार नांवाच्या अतिदूर ज्योती आल्या आहेत. हजारों किलोमीटर अंतरावरील दोन रेडिओ दुर्बिणी एकाच क्वासारच्या लहरी टिपतात व त्या पोंचण्याच्या वेळांतील फरकावरून दोन्ही स्थळांमधील अंतर काढतात. सेकंदाच्या अब्जाव्या भागांत लहर तीस सेंटिमीटर जाते; माप मात्र मिलिमीटरांत हवें असतें. परंतु शेंकडों टनांची तबकडी माथ्याकडे पाहतांना एका रीतीनें लवते आणि क्षितिजाकडे कलली कीं दुसऱ्या रीतीनें. नाभि सरकते, लहरीचा मार्ग कांहीं मिलिमीटरांनीं बदलतो आणि हिशेबांत तें ठिकाणच उंच वा सखल झाल्यासारखें भासतें. ही चूक नेहमीं एकाच बाजूची असल्यामुळें कितीही वेध घेतले तरी सरासरीनें नाहींशी होत नाहीं. म्हणून लेसर किरणांनीं तबकडीचीच मोजणी करावी लागते.

कांहीं रचनाकारांनीं या बांकाशीं तडजोड केली. जर्मनींतील एफेल्सबर्ग येथें १९७२ पासून काम करणाऱ्या १०० मीटर व्यासाच्या तबकडीचा सांगाडा, ती लवली तरी पृष्ठभाग दुसरा अन्वस्तच व्हावा, अशा बेतानें रचला आहे. जुन्नर तालुक्यांतील खोडद परिसरांत गोविंद स्वरूप यांनीं वजनच घटविलें. ज्योतिर्विद्येसाठीं उभारलेल्या तेथील ३० तबकड्या प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या असून त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नव्हे, तर पोलादी तारांच्या ताणलेल्या जाळीचा आहे. वारा तींतून निघून जातो. त्या टिपतात त्या लहरी बहुतांशीं २१ सेंटिमीटर व त्याहून लांब असल्यामुळें थोडा बांक तेथें खपतो.

लॅम्बटनचें वांकलेलें वर्तुळ डोळ्यांना दिसत होतें. ओळंब्याचा कल आणि तबकडीचा बांक डोळ्यांना दिसत नाहीं. आपलें साधनही लवतें हें आधीं मान्य करावें लागतें. मगच तें किती लवतें याचें माप घेतां येतें.