कोसंबी यांचे अंतरसूत्र आणि रोगजनुकांचा शोध

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचे नाव मराठी वाचकांस मुख्यतः इतिहासकार म्हणून परिचित आहे. तथापि रोगजनुकांचे स्थान निश्चित करणाऱ्या संशोधकांत ते एका गणिती सूत्रामुळे रूढ झाले आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असता, १९४४ साली, ‘अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स’मध्ये त्यांनी हे सूत्र अवघ्या चार पानांत मांडले.

एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी दूर, तितकी ती पुढील पिढीत विभक्त होण्याचा संभव अधिक. या तत्त्वावर स्टर्टेव्हंट यांनी १९१३ साली फळमाशीच्या जनुकांचा पहिला नकाशा सिद्ध केला. परंतु मध्यंतरी गुणसूत्रखंडांची दोनदा अदलाबदल झाल्यास ती जनुके पुन्हा एकत्रच आढळतात. यास्तव विभक्त होण्याच्या प्रमाणावरून अंतर थेट काढता येत नाही. हॉल्डेन यांनी १९१९ साली दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. वस्तुतः एक अदलाबदल जवळच दुसरी होण्यास अटकाव करते. हा अटकाव अंतराबरोबर क्रमाने ओसरतो, असे कोसंबींनी गृहीत धरले. लगतच्या दोन अंतरांतील प्रमाणे क व ख असल्यास एकत्रित प्रमाण (क + ख) ÷ (१ + ४कख) इतके येते. प्रमाण ३० टक्के आढळल्यास हॉल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे ४६ सेंटिमॉर्गन, तर कोसंबींच्या सूत्राने सुमारे ३५ भरते.

मानवात प्रायोगिक संकर अशक्य व कुटुंबे लहान. म्हणून मॉर्टन यांनी १९५५ साली अनेक कुटुंबांचा पुरावा एकत्र करण्याची गुणांकपद्धती दिली. पुरेशा खुणा मात्र १९८० साली बॉट्स्टाइन व सहकाऱ्यांनी डीएनएमधील भेदांचा उपयोग सुचविल्यावरच मिळू लागल्या. १९८३ साली अशा एका खुणेच्या साहाय्याने हंटिंग्टन रोगाचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचे कळले. प्रत्यक्ष जनुक हाती येण्यास १९९३ साल उजाडले. शोधाचे क्षेत्र किती विस्तृत ठेवावे हे अंतराच्या अंदाजावर अवलंबून असल्याने सूत्राची निवड गौण राहत नाही.

या सूत्रासही मर्यादा आहेत. अनेक खुणांचा एकत्र विचार करणारी लँडर व ग्रीन यांची १९८७ ची रीत गणनेच्या सोयीसाठी अटकाव नाहीच असे मानते. आणि खुणा अगदी जवळजवळ असल्यास दोन्ही सूत्रांची उत्तरे जवळपास सारखीच येतात. किंबहुना कोसंबींचे सूत्र हा जीवसृष्टीचा नियम नसून निरीक्षणाशी बऱ्यापैकी जुळणारी गणिती दुरुस्ती होय. मानवी नकाशासाठी पुरेशा खुणा उपलब्ध होण्यापूर्वी कित्येक दशके ती सिद्ध होती, हेच तिचे ऐतिहासिक महत्त्व.