स्नानगृहातील गिझर : जोडणी सुरक्षित आणि कायदेशीर हवी

थंडीची चाहूल लागताच गिझरच्या खरेदीला वेग येतो. गिझर किती लिटरचा, कोणत्या कंपनीचा, हमी किती वर्षांची याची बारकाईने चौकशी होते. ज्या तारेवर तो चालणार तिच्याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. कोणताही गिझर कधी ना कधी बिघडतो. तो बिघडल्यावर माणूस सुखरूप राहतो की नाही, हे भिंतीतील जोडणीवर अवलंबून असते.

धोका कसा निर्माण होतो?

गिझरमधील तापणारी तार धातूच्या नळीत, मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसविलेली असते. ही भुकटी उष्णता पुढे जाऊ देते, वीज मात्र अडविते. क्षारयुक्त पाण्यामुळे नळीवर थर साचतात. कालांतराने नळी गंजते वा तिला तडा जातो, पाणी आत शिरते आणि वीज टाकीत उतरते. ओल्या अंगाचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. अशा वेळी २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून शरीरात सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. हृदयाची लय बिघडविण्यास तो पुरेसा असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र त्याची जाणीवही होत नाही. एमसीबीचे काम तारेला अतिभार व शॉर्टसर्किटपासून वाचविण्याचे आहे, माणसाला वाचविण्याचे नव्हे.

जोडणी कशी असावी?

दोन किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर, तर तीन किलोवॅटचा १३ अँपिअर प्रवाह घेतो. त्यामुळे मुख्य बोर्डापासून गिझरसाठी स्वतंत्र सर्किट असावे. त्यात आयएसआय चिन्हाची, सामान्यतः ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी वापरावा. दिव्यांच्या सर्किटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर कधीही चालवू नये. तात्काळ पाणी तापविणारा साडेचार किलोवॅटचा गिझर जवळजवळ २० अँपिअर प्रवाह घेतो. १६ अँपिअरचा प्लग त्याला पुरत नाही. तो योग्य क्षमतेच्या स्विचमधून थेट जोडावा लागतो. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा डीपी स्विच स्नानगृहाच्या बाहेर, ओला हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी बसवावा.

अर्थिंग आणि आरसीसीबी

टाकीत उतरलेल्या विजेला जमिनीकडे नेणारी हिरवी तार म्हणजे अर्थिंग. काही ठिकाणी अर्थिंग उपलब्ध नसल्यास सॉकेटमधील अर्थची पिन न्यूट्रललाच जोडली जाते. हा प्रकार जीवघेणा आहे. न्यूट्रलची तार कोठे सैल झाली वा तुटली, तर गिझर निर्दोष असूनही त्याच्या टाकीवर पूर्ण दाबाची वीज येते. पाण्याच्या नळालाही अर्थ मानू नये. लोखंडी नळांच्या जागी आता बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकचे नळ आले आहेत आणि त्यांतून वीज जमिनीत जात नाही.

अर्थिंगच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आवश्यक आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परतला नाही, तर हे उपकरण क्षणार्धात पुरवठा तोडते. अर्थिंग नसेल तर गळती माणसाच्या शरीरातून होते तेव्हाच ते जागे होते. अर्थिंग चांगले असेल तर कोणी नळाला हात लावण्यापूर्वीच वीज बंद होते. म्हणून एक असले की दुसरे नको, असे म्हणता येत नाही. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो काढून टाकू नये. गळती कोठे आहे ते शोधावे.

कायदा काय सांगतो?

घरगुती वीजकामावर पूर्वी १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांचे आणि नंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांचे बंधन होते. आता २०२३ चे विनियम लागू आहेत. मूळ क्षमता व स्वरूप न बदलता दिवा, पंखा, स्विच किंवा घरगुती उपकरण बदलण्यास सूट आहे. त्यामुळे जुन्या गिझरच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा नवा लावता येतो. नवे सर्किट टाकणे वा असलेले बदलणे हे काम मात्र राज्य शासनाच्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या हातूनच व्हावे लागते. घराचा एकूण वापर मंजूर भारापेक्षा वाढणार असेल, तर महावितरण किंवा आपल्या भागातील वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्जही करावा.

काम संपल्यावर

ठेकेदाराकडून तारांच्या इन्सुलेशनची व अर्थिंगची चाचणी करून घ्यावी आणि चाचणी अहवाल जपून ठेवावा. आरसीसीबीवरील ‘टेस्ट’ बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. पुरवठा बंद झाला नाही, तर उपकरण तत्काळ बदलावे. नळाला हात लावताच झिणझिण्या आल्यास मुख्य स्विच बंद करून जाणकारास बोलवावे आणि तोवर गिझर वापरू नये. भाड्याच्या घरात राहायला जाणाऱ्यांनीही पहिल्या स्नानापूर्वी मुख्य बोर्डात आरसीसीबी आहे की नाही, हे पाहून घ्यावे.