वाजवणारा कोण? जॅझच्या सूचीची कुळकथा

जॅझच्या चाहत्यांची एक खोड इतर संगीताच्या रसिकांना बुचकळ्यात टाकते. आवडलेल्या तुकड्याला दाद देऊन ते थांबत नाहीत. ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेचे, पियानोवर कोण बसले होते, ऐकतो आहोत तो टेक पहिला की तिसरा, ट्रम्पेटचा तो तुकडा खरोखर त्याचाच की आणखी कुणाचा, यावर त्यांचे तासन्‌तास वाद चालतात आणि वाद मिटेना की सूची उघडली जाते. ‘वेस्ट एंड ब्लूज’ची सूचीतली नोंद साधारण अशी असते: लुई आर्मस्ट्राँग अँड हिज हॉट फाइव्ह, शिकागो, २८ जून १९२८, आर्मस्ट्राँग ट्रम्पेट आणि गायन, फ्रेड रॉबिन्सन ट्रॉम्बोन, जिमी स्ट्राँग क्लॅरिनेट, अर्ल हाइन्स पियानो, मॅन्सी कार बँजो, झटी सिंगलटन ड्रम्स, मॅट्रिक्स ४००९६७-बी, ओके ८५९७. टेलिफोन डिरेक्टरीइतका कोरडा मजकूर. पण तबकडीवर ‘हॉट फाइव्ह’ छापलेले असताना वाजवणारे सहा होते, हे तबकडी सांगत नाही, सूची सांगते. जॅझ आधी आले आणि त्याच्या याद्या हौशी लोकांनी मागाहून केल्या, असा सर्वसाधारण समज आहे. काळाच्या हिशेबाने तो बरोबरही आहे. मात्र ‘अमुक वादकाची शैली’ या ज्या कल्पनेवर जॅझची आजची सगळी चर्चा उभी आहे, ती कल्पना वादकांच्या वर्तुळाबाहेर पडून सर्वांची झाली ती या याद्यांमुळे.

याद्यांची गरज का पडली, ते कळायला १९२० च्या दशकातला तबकड्यांचा व्यापार पाहावा लागतो. ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडची पहिली जॅझ तबकडी २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कला व्हिक्टर कंपनीने मुद्रित केली. तेव्हापासून पुढची बरीच वर्षे कंपन्यांच्या लेखी हे नाचाचे संगीत होते. गिऱ्हाइकाला हवी असे धून आणि तिचा ठेका. तेव्हा तबकडीवर धुनेचे नाव, नृत्यप्रकार आणि बँडचे नाव छापले की काम भागे. एप्रिल १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरचा बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी वाजवायला गेला आणि तिथे ‘चाइम्स ब्लूज’मध्ये एकवीस वर्षांच्या आर्मस्ट्राँगचा पहिला सोलो मुद्रित झाला. तबकडीवर नाव ऑलिव्हरच्या बँडचे. त्यातून टोपणनावांचा सुळसुळाट होता. एकाच वाद्यवृंदाला वेगवेगळ्या कंपन्यांसाठी वाजवायचे, तर दर ठिकाणी नवे नाव घेणे सोयीचे पडे. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद कुठे ‘जंगल बँड’ झाला, कुठे ‘व्हूपी मेकर्स’, तर कुठे ‘हार्लेम फुटवॉर्मर्स’. आर्मस्ट्राँग ओके कंपनीशी कराराने बांधलेला असताना १९२६ मध्ये ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावाआडून व्होकॅलियनसाठी वाजवून आला. दुकानातून तबकडी विकत घेणाऱ्याला या पडद्यामागचे काहीच दिसत नव्हते.

पडदा सरकवायला उपयोगी पडली ती कंपनीचीच एक हिशेबी खूण. त्या काळी मुद्रण थेट मेणाच्या जाड चकतीवर होई. मधला एखादा भाग कापून दुसरा जोडण्याची सोय नव्हती, आणि मेण वाजवून पाहावे तर ते खराब होई. म्हणून एकच धून दोनतीनदा वाजवून घेत. प्रत्येक धुनेला एक मॅट्रिक्स क्रमांक आणि प्रत्येक खेपेला, म्हणजे टेकला, एक अंक किंवा अक्षर देत. हा क्रमांक तबकडीच्या मध्याजवळ, खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यात उमटलेला असे. विक्रीचा कॅटलॉग क्रमांक देशागणिक बदले, पण मॅट्रिक्स क्रमांक सहसा कायम राही. ओकेचे मुद्रण ब्रिटनमध्ये पार्लोफोनच्या शिक्क्याने निघाले, तरी तबकडी उजेडात तिरपी धरली की शिकागोचा मूळ आकडा वाचता येई. क्रमांक ओळीने दिलेले असल्यामुळे कोणती धून कोणत्या दिवशी आणि कोणत्या धुनेनंतर मुद्रित झाली, याचा माग निघे. वाद्यवृंदाने लिहिलेले स्वर जसेच्या तसे वाजवले असते, तर दुसऱ्या खेपेला फारसे मोल नव्हते. जॅझमधला सोलो मात्र ऐनवेळी घडतो. म्हणून कारखान्यासाठी फक्त राखीव असलेली दुसरी खेप चाहत्याच्या दृष्टीने स्वतंत्र रचना ठरली. दोन खेपा शेजारी ठेवल्या की वादकाची ठरलेली वळणे कोणती आणि त्या क्षणी सुचलेले काय, हे वेगळे काढता येऊ लागले.

हे काम अमेरिकेत नव्हे, तर युरोपात पहिल्यांदा पद्धतशीर झाले, आणि त्याला कारण आहे. शिकागो किंवा हार्लेममधल्या श्रोत्याला कोण वाजवतो ते समोर दिसत होते. पॅरिस आणि लंडनच्या तरुणांकडे, अधूनमधून येणारा एखादा पाहुणा वादक सोडला, तर फक्त तबकड्या होत्या. जे दिसत नाही ते शोधून काढण्याची निकड दूरच्यालाच असते. पॅरिसमध्ये १९३२ मध्ये ‘हॉट क्लब द फ्रान्स’ स्थापन झाला. ह्यूग पानासिए आणि शार्ल देलोने हे त्याचे आधारस्तंभ. देलोने हा रोबेर आणि सोनिया देलोने या नामवंत चित्रकार दांपत्याचा मुलगा. त्याची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ मध्ये निघाली, आणि त्याच वर्षी लंडनला हिल्टन श्लेमनचे ‘रिदम ऑन रेकॉर्ड’ निघाले. दोन्ही पुस्तके एकाच भुकेपोटी जन्मली, तरी त्यांची मांडणी निराळी होती. श्लेमनने वर्णानुक्रम धरला आणि नृत्यसंगीताचे वाद्यवृंदही मोकळेपणी घेतले. देलोनेने मात्र वादकांना केंद्र मानून, त्यांच्या परंपरेच्या ओळी लावत तबकड्यांचे गट पाडले. त्यामुळे त्याचे पुस्तक एकाच वेळी यादीही झाले आणि इतिहासाविषयीचा युक्तिवादही: या संगीताचे एकक धून किंवा बँड नसून वादक आहे, असे ते एकही विधान न करता मांडत होते. पुढच्या आवृत्त्या वाढत गेल्या आणि १९४८ मध्ये ते सुधारित रूपात अमेरिकेतही छापले गेले.

अमेरिकेत हा दृष्टिकोन बाजारात उतरवला तो चाहत्यांनीच. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर कमोडोर हे दुकान चालवणाऱ्या मिल्ट गेब्लरने १९३० च्या दशकाच्या मध्यावर, ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’च्या नावाने, बाजारातून नाहीशा झालेल्या जुन्या मुद्रणांच्या तबकड्या पुन्हा काढायला सुरुवात केली, आणि त्यांच्यावर वादकांची नावे व मुद्रणाची तारीख छापली. सूचीतला मजकूर असा तबकडीच्या कपाळी आला. १९४० मध्ये येल विद्यापीठात शिकणाऱ्या जॉर्ज अवाकियनला कोलंबिया कंपनीने जुन्या जॅझचे संच काढायला बोलावले. ब्रिजपोर्टच्या कारखान्यात शोधता शोधता त्याच्या हाती आर्मस्ट्राँगची तोवर न निघालेली मुद्रणे लागली. कंपनीचा माल कंपनीच्याच कारखान्यात पडून होता. त्यातले काय हवे, हे एका विद्यार्थ्याला ठाऊक होते. दहा-बारा वर्षांपूर्वीचे नाचाचे संगीत ‘अभिजात’ म्हणून पुन्हा विकले जाऊ लागले, ते कोणी काय वाजवले हे छातीठोक सांगता येऊ लागल्यावरच.

यावर पहिला आक्षेप असा की वादक एकमेकांना कानाने ओळखतच होते. त्यांना यादी कशाला हवी? आक्षेप खरा आहे, पण फक्त वादकांपुरता. शिवाय कान वाटतो तितका निर्वाळा देत नाही. समीक्षक लेनर्ड फेदरने १९४६ पासून ‘मेट्रोनोम’मध्ये आणि नंतर ‘डाउन बीट’मध्ये ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ हे सदर चालवले: वादकाला नाव न सांगता तबकडी ऐकवायची आणि मत विचारायचे. थोर ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज याची पैज होती की वादक गोरा की काळा हे आपण नुसते ऐकून सांगू. १९५१ मध्ये ही कसोटी झाली आणि तो पुन्हा पुन्हा चुकला. दुसरे उदाहरण सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या २६ नोव्हेंबर १९४५ च्या सॅव्हॉय कंपनीसाठीच्या सत्राचे. त्यातल्या ‘को-को’चा ट्रम्पेट माइल्स डेव्हिसचा की डिझी गिलेस्पीचा, आणि सत्रात पियानोवर केव्हा कोण होते, हा वाद जाणत्यांमध्ये कित्येक वर्षे धुमसत राहिला. ट्रम्पेट गिलेस्पीचा, हे उत्तर नुसत्या कानाने नव्हे, तर सहभागी वादकांच्या आठवणी, टेकची क्रमवारी आणि वादनातल्या खुणा एकमेकींवर ताडून पक्के झाले. शैली ऐकू येते हे खरे, पण आपण ऐकतो ती नेमकी कोणाची हे ठरल्याशिवाय तिच्याविषयी दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सूची मुद्रित झालेल्याचीच होते, आणि जॅझचा मोठा भाग मुद्रित झालाच नाही. जॅझच्या आद्य वादकांपैकी एक, न्यू ऑर्लिअन्सच्या बडी बोल्डनचे एकही मुद्रण उपलब्ध नाही. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकसंघटनेने कंपन्यांसाठी वाजवणे बंद केले. डेक्काशी पुढच्या वर्षी समझोता झाला, तरी व्हिक्टर आणि कोलंबिया नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. नेमक्या याच काळात बीबॉप हे जॅझचे नवे वळण आकाराला येत होते. त्यात दहा इंची तबकडीची तीन मिनिटांची मर्यादा. हे सगळे मान्य करूनही म्हणावे लागते की कोणत्या वर्षी कोणत्या वादकापाशी किती मोठी पोकळी आहे, हे यादीमुळेच उघड झाले, आणि ती भरून काढायला चाहते यंत्रे घेऊन बाहेर पडले. कोलंबिया विद्यापीठाच्या जेरी न्यूमनने १९४१ मध्ये हार्लेमच्या मिंटन्स क्लबमध्ये चार्ली ख्रिश्चनची गिटार मुद्रित केली. ध्वनितंत्रज्ञ बिल सॅव्हरीने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात रेडिओवरचे कार्यक्रम तबकड्यांवर उतरवून ठेवले. तो संग्रह २०१० मध्ये हार्लेमच्या जॅझ संग्रहालयाकडे आला, तेव्हा त्यात सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ची केलेली, तीन मिनिटांची चौकट ओलांडणारी आवृत्तीही होती. तबकडीवरची आवृत्ती ही या वादकांच्या पल्ल्याची परिसीमा नव्हे, हे त्यामुळे पुराव्यानिशी सांगता आले.

पण इथेच सूचीची खरी किंमतही दिसते. पार्करचा चाहता डीन बेनेडेट्टी याने १९४७-४८ मध्ये पार्करला क्लबांमधून मुद्रित केले, तेव्हा बहुतेक वेळा पार्करचा सोलो सुरू झाला की यंत्र चालू आणि संपला की बंद, असा त्याचा खाक्या होता. मोझेक कंपनीने १९९० मध्ये काढलेला तो संच ऐकताना वाक्ये कानी पडतात, संवाद पडत नाही. पार्कर कोणाला उत्तर देत होता ते कळत नाही. वादकाला एकक मानण्याच्या सवयीचे हे टोक आहे. या सवयीमुळे जॅझचा इतिहास सोलोवाल्यांचा झाला आणि ताल धरणारे व रचना बांधणारे मागे पडले, हा आरोप मला रास्त वाटतो. याद्यांनी चुकाही चालवल्या. ‘वेस्ट एंड ब्लूज’च्या बँजोवाल्याचे आडनाव ‘कार’, ते अनेक सूच्यांमध्ये वर्षानुवर्षे ‘कारा’ छापले गेले. मात्र चूक सापडली ती छापील नोंद समोर होती म्हणूनच. निवडीतला पक्षपातही हळूहळू कमी झाला: ब्रिटनच्या ब्रायन रस्टने १९४२ पर्यंतच्या, डेन्मार्कच्या यॉर्गन येपसनने त्यानंतरच्या आणि पुढे टॉम लॉर्डने सगळ्याच काळाच्या मुद्रणांची नोंद केली, ती आवडीनिवडीची चाळणी शक्य तितकी बाजूला ठेवून.

सूची नसती तर काय झाले असते, हे अजमावायला मुंबईचे उदाहरण आहे. आपल्याकडच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, साथीदारांचे बहुधा नसे. चित्रपटाच्या तबकड्यांवर तर कधी गायिकेचेही नसे. ‘महल’च्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले गेले. हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी कानपूरहून १९८० पासून काढलेल्या गीतकोशाने गाणी, गायक, गीतकार, संगीतकार यांची उणीव भरून काढली. वादक तेव्हाही बाहेरच राहिले. गोव्यातल्या हळदोणे गावच्या आंतोनियु शाव्हियेर वाझचा, म्हणजेच चिक चॉकलेटचा, ट्रम्पेट मुंबईच्या जॅझमध्ये आर्मस्ट्राँगच्या वळणाचा म्हणून नावाजलेला होता. सी. रामचंद्रांच्या संगीताला त्याचा हात लागला होता आणि ‘अलबेला’त तो पडद्यावरही दिसतो. तरीही त्या काळच्या शेकडो गाण्यांमधले ट्रम्पेटचे तुकडे त्याचे कोणते आणि इतर गोमंतकीय वादकांचे कोणते, हे तबकडी सांगत नाही. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांनी या वादकांचा इतिहास लिहिला तो हयात माणसांशी बोलून, २००८ आणि २०१२ मधल्या पुस्तकांत. तोवर अनेक जण गेले होते. मुद्रणे भरपूर होती, कसब होते, कानही होते. सत्रागणिक नावांची नोंद तेवढी नव्हती, आणि म्हणून या वादकांच्या शैलींवर आर्मस्ट्राँगच्या शैलीवर होतो तसा वाद होत नाही.

तेव्हा शैली कानात असते की कागदावर, हा प्रश्नच चुकीचा आहे. ती वादकाच्या हातात जन्मते. पण तिच्यावर वाद घालायचा, तिची परंपरा शोधायची, तिचे ऋण कोणावर हे म्हणायचे, तर तारीख आणि नाव हातात लागते. १९३० च्या दशकातल्या मूठभर हौशी लोकांनी हे काम पगाराविना, सरकारी पाठबळाविना केले आणि कंपन्यांना आपल्याच मालाची ओळख करून दिली. त्यांच्या आवडीनिवडींशी भांडायचे तर भांडावे, भांडण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. पण तेही त्यांच्याच याद्या पुढ्यात घेऊन करावे लागते.