लाल दगडाचा हौद

बागेत हौद बांधावयाचा म्हटले की प्रथम दगडाचा विचार मनात येतो. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील हयात बक्ष बाग पाहिली म्हणजे हा विचार किती अपुरा आहे, ते ध्यानी येते.

शाहजहानने हा किल्ला १६३९ ते १६४८ या काळात उभारला. बागेसाठी साहित्य निवडताना मोठा विवेक दिसतो. मधल्या विस्तीर्ण हौदास तांबडा वालुकाश्म. दोन्ही टोकांच्या सावन व भादों या मंडपांस मात्र पांढरा संगमरवर. मंडपांतील कोनाड्यांत रात्री दिवे ठेवीत व त्यांपुढून पाणी कोसळे. तो उजेड शुभ्र दगडावरच खुलावयाचा. पाण्याच्या बांधकामासाठी त्या काळचे गवंडी चुन्यात भाजलेल्या विटांची पूड मिसळीत, कारण असा चुना ओलाव्यातही घट्ट धरतो.

परंतु मुख्य साहित्य कोसांवरून येत होते. फिरोजशाहाचा जुना कालवा दुरुस्त करून यमुनेचे पाणी येथवर आणलेले होते. १८४२ मध्ये बहादूरशहा जफरने हौदाच्या मध्यभागी महाल बांधला. पुढे १८५७ नंतर इंग्रजांनी बागेचा बराच भाग मोडून बराकी उभारल्या.

मी एका रविवारी गेलो तेव्हा हौद कोरडा होता. दगड मात्र जागच्या जागी. पुण्यास शनिवारवाड्याच्या कारंज्यांचा प्राणही कात्रजच्या तलावातच होता. अंगणात चार हातांचा हौद करू इच्छिणाऱ्यानेही आधी पाण्याची वाट शोधावी, मग दगडाची पारख करावी.