कल्याणचा तट आणि वसईचा तट

भिवंडीकरास जुन्या नगराची तटबंदी पाहावयाची असेल, तर त्याला खाडी ओलांडून कल्याणास जावे लागते. आणि तेथेही दुर्गाडीच्या टेकाडावरील बुरुजांपलीकडे फारसे काही दृष्टीस पडत नाही. शहाजहानच्या अमदानीत आरंभिलेला व औरंगजेबाच्या कारकीर्दीत, १६९४ साली, पुरा झालेला चार दरवाजांचा आणि अकरा बुरुजांचा तट त्या शहराभोवती होता, हे आज तेथील रहिवाशासही सांगावे लागते. परचक्राने तो पाडला असे नव्हे. इंग्रजी अंमलात तटाची आवश्यकता सरली, पेठा बाहेर पसरल्या, आणि घडीव चिरे ठाणे-कल्याणच्या धक्क्यांच्या बांधकामास नेले गेले. नांदत्या गावात रिकामा दगड फार दिवस रिकामा राहत नाही. ठाण्याचा किल्ला तेवढा वाचला, तोही तुरुंग होऊन!

वसईचे प्राक्तन निराळे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आलेले ते ठाणे पुढे मठ, चर्चे व हवेल्या यांनी गजबजलेले तटबंद नगर झाले. १७३९ च्या वेढ्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सेबास्तियन बुरूज उडवला, मे महिन्यात किल्ला स्वाधीन झाला, आणि १७८० मध्ये तो इंग्रज सेनानी गॉडर्डच्या हाती गेला. पुढे आतील नगर ओसाड पडले. घरे बांधावयास कोणी उरले नाही, म्हणूनच तट उरला. तो आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणात आहे.

अप्पांच्या त्या विजयाचे स्मारक मात्र भिवंडी तालुक्यातच आहे. वसई घेण्यापूर्वी अप्पांनी वज्रेश्वरी देवीस नवस केला होता. विजयानंतर उभारलेल्या मंदिरास किल्ल्यासारखा दगडी कोट असून, नगारखान्याचे महाद्वार वसईच्या दरवाजाच्या धर्तीवर आहे. पायऱ्या चढताना एका पायरीवर सोनेरी कासव दिसते. भाविक त्याच्यापाशी थबकतात, कोटाकडे सहसा कोणी पाहत नाही.

प्राचीन वास्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून पुढील दोनशे मीटरांत परवानगी लागते. वसईच्या तटास हे कवच लाभले, ते योग्यच झाले. परंतु ज्या तटाचे चिरे धक्क्यांत विखुरले गेले, त्याला अंतरांच्या नियमाचा काय उपयोग? खाडीच्या दोन्ही तीरांवरील महापालिकांनी कल्याणच्या तटाची जुनी रेषा निदान नकाशावर आखून, उरलेल्या दगडांची मोजदाद तरी करून घ्यावी.