पावणेअकरा तास

१४ मार्च २०१७. घड्याळ लावायचे तर इथूनच. विंडोजमधल्या एका गंभीर त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने उपाय दिला. ही त्रुटी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला आधीपासून ठाऊक होती. बराच काळ ती गुपित ठेवून त्यांनी 'इटर्नलब्लू' नावाचे हत्यार घडवले होते.

१४ एप्रिल. 'शॅडो ब्रोकर्स' टोळीने ते हत्यार चव्हाट्यावर मांडले. योगायोग असा की त्याच दिवशी युक्रेनमधल्या 'एम.ई.डॉक' या सॉफ्टवेअरचे अपडेट निघाले आणि त्यात चोरदरवाजा होता. आपल्याकडच्या व्यापाऱ्याला टॅली, तसे तिकडच्या कंपन्यांना एम.ई.डॉक; कर भरायला बहुतेकांना तेच लागे. १५ मे आणि २२ जूनच्या अपडेटमध्येही तोच दरवाजा होता.

२७ जून, सकाळी ८.१५ च्या सुमारास. (वेळा कीव्हच्या, आपण अडीच तास पुढे.) मोटारीतल्या स्फोटात युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याचे कर्नल माक्सिम शापोवाल ठार. पुढच्या घटनांशी याचा संबंध सिद्ध झालेला नाही. दुसऱ्या दिवशी संविधान दिनाची सुट्टी होती.

११.५९. चोरलेला पासवर्ड वापरून कोणीतरी एम.ई.डॉकच्या अपडेट सर्व्हरमध्ये शिरले. १२.१४ ला अपडेट मागणारे संगणक हल्लेखोरांच्या यंत्राकडे वळू लागले.

१.३०. इटर्नलब्लू पोटात घेऊन नॉटपेट्या नावाचा विषाणू सुटला. एक जुनाट, दुरुस्त न केलेला संगणक त्याला पुरे. त्याच्या स्मृतीतून पासवर्ड उचलायचे आणि अद्ययावत संगणकांतही तेच घेऊन शिरायचे. लागण झाल्यावर दहा ते साठ मिनिटांत संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि पडद्यावर डिस्क तपासणी चालल्याची बतावणी दिसे. त्या क्षणी वीज तोडली तर काही वाचण्याची शक्यता. हे एकाच वेळी देशभर ओरडून सांगणारा आवाज कोणाकडे होता?

दुपारभर. ओश्चादबँक, बोरिस्पिल विमानतळ, मेट्रोचे कार्ड, टपाल खाते, एकेक यंत्रणा कोलमडत गेली. उपपंतप्रधान पावलो रोझेन्को यांनी आपल्या बंद पडलेल्या संगणकाचे छायाचित्र जगाला दाखवले. चेर्नोबिलमध्ये किरणोत्साराची मोजणी माणसांनी हाताने सुरू केली. मला त्या दिवसातली सर्वांत मोलाची कृती हीच वाटते. प्रतिहल्ल्याची भाषा फार आकर्षक असते, पण दुपारी दोन वाजता तो करणार कोणावर? पडद्यावर तर ३०० डॉलरची खंडणी मागितलेली, म्हणजे चोर भुरटे वाटावेत. प्रत्यक्षात पैसे भरूनही फाइली परत मिळणार नव्हत्या. हेतूच विध्वंसाचा होता. अशा वेळी राष्ट्राच्या हाती उरतात त्या रुक्ष गोष्टी: जाळी तोडायचा अधिकार कोणाला, कागदावर काम कोणाला येते, सुट्या ठेवलेल्या प्रती कुठे आहेत.

तोवर विषाणू सीमा ओलांडून गेला होता. कोपनहेगनच्या मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीची ७६ पैकी १७ टर्मिनल्स अडली, त्यांत रॉटरडॅम, न्यू जर्सी आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया. कंटेनर कुठला आणि कोणाचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्याने तिथेही हाताने काम करावे लागले. कीव्हच्या करप्रणालीशी काडीचाही संबंध नसलेल्यांचा माल भर पावसाळ्यात खोळंबला. मर्स्कच्या सगळ्या जाळ्याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले, एक घानातला सोडून. तिथे वीज गेली होती म्हणून तो वाचला! त्यातला डेटा माणसाने विमानातून इंग्लंडला पोहोचवला. वीज जाण्याचे इतके भाग्य कोणी पाहिले नसेल, पण हे संरक्षण धोरण नव्हे.

३.३३. हल्लेखोरांनी एम.ई.डॉकचा सर्व्हर पूर्ववत केला. रात्री १०.४६. आपले यंत्र पुसून ते निघून गेले.

इथे घड्याळाचा काटा एकदम मंदावतो. ४ जुलैला युक्रेनच्या पोलिसांनी एम.ई.डॉकचे सर्व्हर जप्त केले. एक आठवडा उशिरा, पण स्वतःच्या हद्दीत आणि स्वतःच्या अधिकारात. अमेरिका आणि ब्रिटनने रशियन लष्कराचे नाव जाहीरपणे घेतले ते १५ फेब्रुवारी २०१८ ला. मार्चमध्ये अमेरिकी निर्बंध आले. रशियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र यायला ऑक्टोबर २०२० उजाडला. नाव घेणे आवश्यकच होते, नाहीतर पुढचा हल्लाही 'भुरट्यांचा'च ठरला असता. मात्र ज्या हत्याराने हे घडले, त्यातला इटर्नलब्लू कोणाच्या कपाटातून निघाला, याचा जाब नाव घेणाऱ्यांनी स्वतःला विचारल्याचे फारसे दिसले नाही.

व्हाइट हाउसने हा इतिहासातला सर्वांत विध्वंसक आणि महागडा सायबर हल्ला ठरवून रशियन लष्कराला जबाबदार धरले होते. याच हल्ल्यात सापडलेल्या औषध कंपनी मर्कने १.४ अब्ज डॉलरची विमा भरपाई मागितली, तेव्हा विमा कंपन्यांनी पॉलिसीतल्या युद्धाच्या अपवादावर बोट ठेवले. मे २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, हा अपवाद इथे लागू होत नाही.