गडांनी साठवून ठेवलेला वेळ

सिंहगड २ मार्च १८१८ रोजी इंग्रजांच्या हाती गेला. लोहगड ४ मार्चला, पुरंदर १६ मार्चला, रायगड १० मेला. ज्या डोंगरी किल्ल्यांपायी औरंगजेबाच्या आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची पडली, ते एका उन्हाळ्यात कसे काय गेले? फितुरी आणि इंग्रजी तोफा ही दोन उत्तरे नेहमी दिली जातात. दोन्हींत तथ्य आहे. पण त्याआधीचा प्रश्न असा, की गड ही मुळात कोणत्या संकटासाठी केलेली तयारी होती?

या तयारीचे सर्वांत बारकाईचे वर्णन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. पाणी पाहिल्याशिवाय किल्ला बांधू नये, असे ते बजावतात. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वेढ्यात तोफांच्या दणक्याने तो आटूही शकतो. म्हणून टाकी, तळी खोदून साठा करावा. दारूखाना राहत्या घरांपासून दूर, तळघरात असावा. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू, बाण, होके बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. धान्याला उंदीर-किडा लागू नये, गडावर फळझाडांबरोबर इतरही झाडे लावून राखावीत, वेळप्रसंगी लाकूड बाहेरून आणता येणार नाही. संकट आज ना उद्या येणारच, असे गृहीत धरलेल्या माणसाचे हे लेखन आहे. ते तसे असणे स्वाभाविकच होते. राजाराम महाराज जिंजीला गेल्यानंतर महाराष्ट्राचा कारभार याच अमात्यांनी सांभाळला होता.

पन्हाळ्यावरचा अंबारखाना पाहिला की या तयारीचा आवाका कळतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी तिथल्या कोठ्यांची नावे. एकट्या गंगा कोठीत सुमारे २५,००० खंडी धान्य मावत असे, असे सांगितले जाते. पण धान्य हे साधन झाले. प्रत्यक्षात साठवला जात होता तो वेळ.

कारण तेव्हाचा शत्रू ऋतूंना बांधलेला होता. मोगली छावणी म्हणजे लाखो माणसे, हत्ती, उंट, बैल यांचे चालते शहर. सह्याद्रीतला पाऊस सुरू झाला की त्या शहराची दैना होई. गडावरच्या शिबंदीने पाऊस येईपर्यंत तग धरायचा, तोवर मैदानातल्या मराठी फौजांनी छावणीची रसद मारायची, असे हे दुहेरी यंत्र होते. साताऱ्याने डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत बादशहाला अडकवून ठेवले. विशाळगड जून १७०२ मध्ये दिला, तोही मोठी रक्कम वाजवून घेऊन, आणि परतीच्या वाटेवर पावसाने मोगली फौजेचे हाल केले. गड देणे हा पराभव नव्हता. तो सौद्याचा एक हप्ता होता. पुढच्या काही वर्षांत यांतले अनेक गड मराठ्यांनी परत घेतले.

पुढे राज्य वाढले. १७३० मध्ये शनिवारवाड्याचे बांधकाम सुरू झाले, ते सपाट जमिनीवर, मुठेच्या काठी. राजकारणाचे केंद्र असे उघड्या मैदानात वसवणे, हे शत्रू आता आपल्या दारात येत नाही या आत्मविश्वासाचे लक्षण होते. माळवा, गुजरात, बुंदेलखंडातून चौथाई येत होती, सावकारांच्या हुंड्यांवर मोहिमा चालत होत्या. या राज्याचे मर्म कोणत्याही तटाच्या आत मावणारे नव्हते. गड मात्र राहिले, सणासुदीला काढायच्या जुन्या दागिन्यासारखे.

त्यांचा उपयोग अगदीच संपला, असे नाही. १७६३ मध्ये निजामाने पुणे लुटले, तेव्हा पेशव्यांचे कुटुंब सिंहगडावर होते. नारायणरावांच्या खुनानंतर गंगाबाईंना पुरंदरावर नेले आणि तिथेच १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. पण हे घराण्यापुरते आसरे होते. आणि बराच काळ गडांचे मुख्य काम निराळेच होते, कैदखान्याचे. सखारामबापू बोकील सिंहगड, प्रतापगड असे हलवले गेले आणि अखेर रायगडावर कैदेतच वारले. ज्या साताऱ्याच्या किल्ल्याने औरंगजेबाला झुंजवले, त्याच किल्ल्यात १७५० मध्ये ताराबाईंनी खुद्द छत्रपती रामराजांना अटकेत ठेवले. तटाची तोंडे जणू आतल्या बाजूला फिरली होती.

ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला होळकरांनी पराभव केला, तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची वाट पाहण्यासारखी आहे. सिंहगड, रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, रेवदंडा आणि शेवटी वसई. वाटेत तीन नामांकित किल्ले लागले, पण एकावरही ठाण मांडून लढावे असे पेशव्याला वाटले नाही. गड आता मुक्कामाच्या जागा झाल्या होत्या. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. संकटकाळची तरतूद म्हणून त्याने इंग्रजांची तैनाती फौज घेतली. १८१७ मध्ये याच दोस्तांनी त्रिंबकजी डेंगळे यांच्यासाठी ओलीस म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागितले, आणि ते देण्यात आले. काही महिन्यांनी किल्ले परत मिळाले, पण ते लढवण्याची वेळ कोणत्या मनःस्थितीत आली असेल, याची कल्पना करता येते.

१८१८ मध्ये उखळी तोफांचे गोळे तटावरून थेट आत पडत होते. रायगडाला तर समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून मारा झाला, वाडे जळाले, आणि गडावर असलेल्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाईंना खाली उतरावे लागले. तरीही तोफांपेक्षा मोठी उणीव दुसरी होती. गडाने वेळ मिळवायचा, तो कोणीतरी वापरण्यासाठी. सिंहगडाभोवती वेढा असताना आष्टीला बापू गोखले पडलेले होते, छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या गोटात पोहोचले होते आणि बाजीराव पळत होता. रसद मारणारी फौज नव्हती. शत्रू पावसाने माघारी जाणारा नव्हता. सिंहगडावरच्या अरब आणि गोसाव्यांनी आणखी दोन महिने काढले असते, तरी ते कोणाच्या उपयोगी पडले असते?

या कथेचे एक टोक सहसा सांगितले जात नाही. गड कालबाह्य झाला तरी गडकरी होते. पिढ्यान्‌पिढ्या पहारा करणारी ही कुटुंबे गडाच्या चाकरीसाठी लावून दिलेल्या जमिनींवर जगत होती. कोल्हापूर राज्यात छत्रपती अल्पवयीन असताना इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार सुरू झाला आणि या जमिनी मामलेदारांच्या ताब्यात देण्याची व्यवस्था झाली. कारभाऱ्यांच्या दृष्टीने ती वहीतली दुरुस्ती होती. गडकऱ्यांचे मात्र अन्न आणि ओळख एकदमच जात होती. १८४४ मध्ये सामानगड, भुदरगड आणि पन्हाळ्यावर त्यांनी दरवाजे बंद केले. कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी काही काळ पन्हाळ्यावर त्यांच्या कैदेत होता. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रज फौजेने पन्हाळा हल्ला करून घेतला. अमात्यांनी सांगितलेली शिस्त ज्यांच्या अंगी मुरलेली होती, अशा लोकांची ही शेवटची लढाई.

त्यानंतर कोल्हापूरच्या किल्ल्यांची तटबंदी पाडण्याचे हुकूम निघाले आणि शिबंदी मोडली. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्या पाडापाडीत गेला. अंबारखान्याच्या इमारती मात्र तशाच उभ्या राहिल्या.